कॅंटनीजमध्ये कपडे, धुणं, इस्त्री : रोज लागणारे शब्द हवेत

वळणीची_दोरी :

पुढच्या महिन्यापासून दोन वर्षं हाँगकाँगला, काउलूनच्या बाजूला राहायचंय. घरात छोटं वॉशिंग मशीन आहे. पण चादरी, ब्लँकेटं आणि साड्या खालच्या लाँड्रीतच द्याव्या लागणार असं दिसतंय. दुकानदार वयस्क आहेत आणि इंग्रजीत त्यांचं 'ओके'च्या पुढे जात नाही.

ॲपवर शब्द शोधले तर सगळे मँडरिनचे, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेचे निघाले; हाँगकाँगला बोलतात ती कॅंटनीज वेगळी. 'कपडे घालणे'साठी ॲपने 'छ्वान' दिलं. तिथे राहणाऱ्या ओळखीच्यांनी सांगितलं की कॅंटनीजमध्ये तो शब्द बोललात तर लोकांना वाटेल कपडा फाटलाय!

मला हवंय ते असं :
१) नेहमीच्या कपड्यांची नावं, आणि 'घालणे'साठी नेमकं कोणतं क्रियापद
२) धुणं, वाळत घालणं, घड्या, इस्त्री
३) लाँड्रीत आणि शिंप्याकडे बोलायची तयार वाक्यं
४) पैठणी नीट धुऊन परत यावी म्हणून काय सांगायचं

कृपया देवनागरीतच लिहा. रोमन अक्षरांनी माझा गोंधळ वाढतो.

---

अनुस्वार :

ताई, आधी उच्चार घ्या. त्यावाचून पुढची शब्दांची यादी वाया जाईल. इथे मराठी माणसाला आयताच फायदा आहे, आणि रोमन अक्षरं नेमका तोच घालवतात.

ज्युटफिंग ही रोमन लिपीतली पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ साली बसवली. तिच्यात जिथे बी, डी, जी लिहितात तिथे उच्चार आपला प, त, क आहे. पी, टी, के लिहितात तिथे फ, थ, ख. कॅंटनीजमध्ये ब-द-ग नाहीतच. फरक आहे तो फक्त हकार आहे की नाही एवढाच, आणि तो आपल्याला लहानपणापासून येतो. ज्युटफिंगमधला झेड म्हणजे 'चमचा'तला च. जे म्हणजे य. मी खाली 'फ' लिहिलं की 'फळ'मधला जुना, ओठ मिटून काढलेला फ समजा. नुक्त्याचा 'फ़' म्हणजे 'ऑफिस'मधला.

दुसरी गोष्ट अ आणि आ. ही सगळ्यात महत्त्वाची. कॅंटनीजमध्ये ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ यांनी शब्द बदलतो, अगदी आपल्या 'कम' आणि 'काम'सारखा.

साम१ = कपडा, सम१ = मन, हृदय
सय२ = धुणे, साय३ = उन्हात वाळवणे

म्हणजे 'सय२ साम१' कपडे धुणे आणि 'साय३ साम१' कपडे उन्हात घालणे. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे दोन वेगळे ऐकूच येत नाहीत. तुम्हाला येतील.

आकडे सुरांचे आहेत :
१ उंच, सपाट
२ खालून वर चढणारा, आपण आश्चर्याने 'काऽय?' म्हणतो तसा
३ मधला, सपाट
४ खाली घसरत जाणारा, दमल्यावरच्या 'हो'सारखा
५ खालून थोडासाच चढणारा
६ खालचा, सपाट

सूर चुकला तर काय होतं ते 'थॉङ'वर बघा. थॉङ१ म्हणजे सूप, थॉङ३ म्हणजे इस्त्री करणे (भाजणे, पोळणेही), थॉङ४ म्हणजे साखर. 'सय'चंही तसंच. सय१ पश्चिम, सय२ धुणे, सय३ लहान. सूटला 'सय१ चॉङ१' म्हणतात, म्हणजे पाश्चात्य पोशाख. तिथे चुकून सय२ म्हटलंत तर समोरचा सूट धुवायला घेईल. :)

'यो' जिथे लिहिलाय (च्योक्, स्योय) तिथे ओठ 'ओ'चे करा आणि आतून 'ए' म्हणा. शब्दाच्या शेवटी प्, त्, क् आले तर तोंड त्या जागी बंद करून थांबायचं, हवा सोडायची नाही. 'मत्' म्हणताना 'मत्त' किंवा 'मत' असं ऐकू येता कामा नये. ङ म्हणजे 'रंग'मधला अनुस्वार, तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो.

एक इशारा. बूट म्हणजे हाय४, आ दीर्घ. हय६ म्हणजे 'आहे'. पण ऱ्हस्व अ आणि उंच सूर, हय१, ही घाणेरडी शिवी आहे. बुटांच्या दुकानात आ चांगला लांबवा.

---

माप_टाका :

कपडे आणि क्रियापदांचं मी लिहितो.

'घालणे'चं उत्तर मराठीतच आहे. आपण शर्ट घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो. कॅंटनीजमध्येही वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, पण आपल्याइतकं नाही. मुख्य दोनच :

च्योक्३ : शर्ट, पँट, स्कर्ट, कोट, मोजे, बूट, म्हणजे ज्यात हात-पाय-अंग आत जातं ते.
ताय३ : टोपी, चष्मा, घड्याळ, अंगठी, माळ, हातमोजे, मास्क, म्हणजे जे वरून चढवतो किंवा अडकवतो ते.

पहिला नियम हातमोज्यांपाशी मोडतो. हात आत जातो, तरी ताय३. पायमोजे मात्र च्योक्३. एवढं पाठ करून टाका. टायला तिसरंच आहे, 'ता२ थाय१'. 'ता२' म्हणजे मारणे, इथे गाठ मारणे. काढायला मात्र एकच शब्द पुरतो : छ्योय४. शर्ट, बूट, चष्मा, टोपी, सगळ्याला. कुणाच्या घरी गेलात की दारातच 'छ्योय४ हाय४' ऐकाल.

तुमच्या ॲपच्या 'छ्वान'चं कॅंटनीज रूप छ्यून१. लिखित चिनी भाषेत त्याचा अर्थ 'घालणे' आहेच, पण बोलण्यात तो 'आरपार भोक पडणे' या अर्थाने येतो. 'थीउ४ फ़ू३ छ्यून१ चॉ२ लुङ१' म्हणजे पँटला भोक पडलंय ('चॉ२' ही क्रिया झाल्याची खूण). तुमच्या ओळखीच्यांनी बरोबर सांगितलं.

आता वाक्य : 'घालतोय' आणि 'घातलाय' हा फरक तिथेही आहे. च्योक्३ कन२ म्हणजे आत्ता घालतोय, दाराबाहेर थांबा. च्योक्३ च्यू६ म्हणजे अंगावर घातलेला आहे. मुलगा हरवला आणि त्याच्या अंगावर काय आहे ते सांगायचं तर दुसरं लागेल.

नावं मोजणीच्या शब्दासकट शिका. नुसतं 'एक शर्ट' म्हणता येत नाही, आपल्या 'दोन नग', 'चार जोड'सारखा शब्द मध्ये लागतोच.

कीन६ (अंगात घालायचे, वरचे कपडे) : साम१ कपडा किंवा टॉप, स्योत्१ साम१ शर्ट, थी१ स्योत्१ टी-शर्ट, लउ१ कोट, ङॉय६ थोउ३ जॅकेट, लाङ१ साम१ स्वेटर.
थीउ४ (लांब, लवचीक) : फ़ू३ पँट, ङउ४ चय२ फ़ू३ जीन्स, तय२ फ़ू३ चड्डी, ख्वन४ स्कर्ट, लीन४ सन१ ख्वन४ ड्रेस, कॅङ२ कन१ मफलर, थाय१ टाय, फेय४ ताय२ पट्टा.
तिङ२ : मोउ२, टोपी.
थोउ३ : सूट, म्हणजे पूर्ण संच.
त्योय३ जोडी आणि चॅक्३ जोडीतला एक : हाय४ बूट, मत्६ मोजे.

शेवटची दोन फार कामाची. मशीनमधून धुणं काढल्यावर जगात सगळीकडे म्हणतात तेच वाक्य, 'म४ कीन३ चॉ२ चॅक्३ मत्६', एक मोजा हरवला. इथे कीन३ म्हणजे दिसणे आणि वरचा कीन६ म्हणजे नग, सूर वेगळे. मत्६ उंच सुरात म्हटलंत तर मत्१ होतं, म्हणजे 'काय'.

'दोन' मोजताना यी६ म्हणू नका. नगाच्या आधी ल्योङ५ येतो : ल्योङ५ कीन६ साम१. आणि तीन कपडे? 'साम१ कीन६ साम१'. पहिला साम१ तीन, दुसरा कपडा. उच्चार आणि सूर हुबेहूब सारखे, अर्थ जागेवरून कळतो.

स्योत्१ हा सरळ इंग्रजी 'शर्ट'च, चिनी अक्षरात बसवलेला. थाय१ हा 'टाय'. लाङ१ हा लोकरीसाठीचा फ्रेंच 'लेन' असं मानतात. अक्षर 'थंड'चंच वापरतात, पण थंड हा लाङ५ आणि लोकर लाङ१, त्यामुळे बोलण्यात घोटाळा होत नाही.

अवांतर : दुकानाच्या पाट्या वाचायला एक खूण. साम, फ़ू, ख्वन, लउ, मत् या सगळ्या अक्षरांच्या डाव्या बाजूला एकच अवयव असतो, 'कपडा' अर्थाचा, पाच रेघांचा. त्यातला एक छोटा टिंब काढला की तो देवाधर्माच्या शब्दांतला अवयव होतो. तो एक टिंब बघायची सवय लागली की कापड-कपड्यांचं दुकान दुरून ओळखता येतं.

---

कुबट :

घरच्या धुण्याचं मी घेते. वर सांगितलेलं सगळं बरोबर आहे, त्यात एक भर.

बोलताना कपडा म्हणजे साम१, पण छापील आणि जोडशब्दांत यी१ येतो. आपण 'कपडे' घेतो पण पाटीवर 'वस्त्रदालन' असतं, तसंच. म्हणून क्रिया 'सय२ साम१', पण मशीन 'सय२ यी१ केय१', पावडर 'सय२ यी१ फ़न२', लिक्विड 'सय२ यी१ यिक्६', नाजूक कपड्यांची जाळीची पिशवी 'सय२ यी१ तॉय२', आणि ड्रायर 'कॉन१ यी१ केय१'. हँगरला मात्र घरात 'साम१ का२' म्हणतात, चिमट्याला 'साम१ केप्२'. सुपरमार्केटच्या फळीवर 'साम' शोधत बसाल तर पावडर सापडणार नाही, 'यी' शोधा.

धुण्याचा क्रम :

चम३, भिजत घालणे.
सय२, धुणे. हाताने धुणे सउ२ सय२.
क्वॉ३ स्योय२, खळबळणे, शब्दशः 'पाण्यातून काढणे'.
थ्यूत्३ स्योय२, मशीनने पिळणे. मशीनच्या बटणावर हाच शब्द असतो. हाताने पिळणे ते नउ२ कॉन१.
लॉङ६ साम१, वाळत घालणे, घरात किंवा बाहेर कुठेही.
साय३ साम१, उन्हात वाळवणे. ऊन असेल तरच.
सउ१ साम१, वाळलेले कपडे आत घेणे.
चिप्३ साम१, घड्या घालणे.
थॉङ३ साम१, इस्त्री करणे. इस्त्री म्हणजे थॉङ३ तउ२.

लॉङ६ आणि साय३ मधला फरक पाळा. पावसाळी दिवशी साय३ म्हटलं तर लोक आभाळाकडे बघतात. पाऊस आला की बिल्डिंगभर ऐकू येणारं वाक्य मात्र पाठच करा : लॉक्६ यू५, सउ१ साम१! पाऊस आला, कपडे आत घ्या.

'धुवायची गरज नाही' हे 'म४ सय२ सय२'. पहिला सय२ म्हणजे 'गरज असणे', दुसरा 'धुणे'. गंमत नाही, रोजचं वाक्य आहे.

आता जे बिघडतं त्याचे शब्द, कारण तक्रार करायला तेच लागतात.

लत्१ सिक्१, रंग जाणे. लत्१ म्हणजे निखळणे. बटण तुटून पडलं तरी तोच शब्द.
सुक्१ स्योय२, आटणे. सुती कपडा ड्रायरच्या तापात आटतो, लोकर तापापेक्षाही घुसळण्याने आटते. म्हणून लाङ१ साम१ मशीनच्या साध्या चक्राला लावू नका.
हेय२ मोउ४ लप्१, गोळे येणे. लप्१ म्हणजे दाणा.
अप्१ मेय६, ओलसर कपड्याला येणारा आंबूस वास. आपला 'कुबट' शब्द याला नेमका बसतो.

या अप्१ मेय६ वर थोडं जास्त लिहिते, कारण मार्च-एप्रिलमध्ये तो तुमच्या घरी येणारच. त्या दिवसांना 'वुय४ नाम४ थीन१' म्हणतात. दक्षिणेकडून उबदार, दमट वारा येतो, भिंती आणि फरशा अजून हिवाळ्याच्या थंड असतात, त्यांच्यावर पाणी सुटतं. आपल्याकडे पावसाळ्यात खिडक्या उघडून वारा खेळवतात. इथे तेच केलं तर आणखी ओल आत येते. दारं-खिडक्या बंद करून छउ१ सप्१ केय१, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र लावायचं. खिडकी उघडी ठेवून ते चालवणं म्हणजे समुद्र उपसणं.

कपड्याला वास येतो तो हळू वाळल्यामुळे. ओल तासन् तास टिकली की जंतू वाढतात, आणि नंतर सुगंधी यउ४ स्योन६ चय१ (कपडे मऊ करणारं द्रावण) कितीही ओता, वास राहतो. उलट ते द्रावण धाग्यावर थर धरतं आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. उपाय साधे आहेत. मशीन पूर्ण भरू नका. थ्यूत्३ स्योय२ एकदा जास्तीचं चालवा. दोन कपड्यांत हाताच्या पंज्याएवढी मोकळी जागा ठेवा आणि पंखा आडवा लावा. धुणं झाल्यावर मशीनचं झाकण उघडं ठेवा आणि पुढून उघडणारं मशीन असेल तर दाराच्या रबराची घडी पुसून घ्या, निम्मा वास तिथला असतो.

वाळत घालायची जागा हा हाँगकाँगचा कायमचा प्रश्न. जुन्या सरकारी वसाहतींत खिडकीखाली भिंतीत तीन नळकांड्या असत. त्यांत बांबू (लॉङ६ साम१ चुक्१) खोचायचा. लांबून ते देवापुढच्या उदबत्त्यांसारखं दिसायचं, म्हणून नाव पडलं 'साम१ ची१ ह्योङ१', तीन उदबत्त्या. ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू खिडकीबाहेर वाकून सांभाळताना माणसं पडत, त्यामुळे त्या नावात कडवटपणाही आहे. आता त्यांच्या जागी भिंतीला लावलेले रॅक आले आहेत.

सरकारी वसाहतीत राहणार असाल तर जिन्यात, व्हरांड्यात कपडे टाकू नका. २००३ पासून तिथे गैरवर्तनाचे गुण मांडले जातात आणि दोन वर्षांत १६ गुण साठले तर भाडेकरार रद्द होऊ शकतो. शेजारी 'खउ३ फ़न१' (शब्दशः 'गुण कापणे') म्हणाले तर ते याबद्दलच.

---

वळणीची_दोरी :

सगळ्यांचे खूप आभार! मी बनवलेली तीन वाक्यं तपासाल का?

१. यी६ थीउ४ फ़ू३ (दोन पँट)
२. ताय३ मत्६ (मोजे घालणे)
३. नी१ कीन६ साम१ लत्१ चॉ२ सिक्१ (या कपड्याचा रंग गेला)

---

माप_टाका :

१. ल्योङ५ थीउ४ फ़ू३.
२. च्योक्३ मत्६. ताय३ मत्६ म्हटलं तर मोजे डोक्यावर घातल्यासारखं वाटेल.
३. बरोबर. 'चॉ२' मध्ये घातलात तेही बरोबर, क्रियापद आणि कर्माच्या मधोमधच येतो तो.

---

पावती_जपा :

लाँड्री आणि साडी.

हाँगकाँगच्या गल्लीतल्या लाँड्रीत रोजचे कपडे पौंडावर धुतात. पॉङ६ सय२, म्हणजे 'पौंडाने धुणे'. एक पौंड साधारण ४५४ ग्रॅम. बहुतेक ठिकाणी कमीत कमी वजनाची अट असते, तेवढे पैसे लागतातच. म्हणून दोन टी-शर्ट घेऊन जाण्यात अर्थ नाही. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या वर, एका माणसाचं आठवड्याचं धुणं. ओले कपडे नेऊ नका, पाण्याचंही वजन मोजलं जातं. ड्रायक्लीन (कॉन१ सय२) नगावर, म्हणजे कीन६ प्रमाणे.

पौंडाच्या धुण्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही : तुमची सगळी पिशवी एकाच मशीनमध्ये एकत्र जाते आणि नंतर ड्रायरमध्ये. कच्छी बांधणीचा नवा कुडता आणि पांढरी चादर एका पिशवीत दिलीत तर दोष दुकानाचा नाही. काऊंटरवरच सांगा :

यत्१ पॉङ६ केय२ तॉ१ छीन२? (एका पौंडाला किती?)
केय२ सी४ लॉ२ तक्१? (कधी नेता येईल?)
म४ कॉय१ फ़न१ हॉय१ सय२. (कृपया वेगळे धुवा.)
म४ होउ२ फ़ॉङ३ यप्६ कॉन१ यी१ केय१. (ड्रायरमध्ये घालू नका.)
म४ होउ२ लॉक्६ फीउ३ पाक्६ स्योय२. (ब्लीच घालू नका.)

'म४ होउ२' म्हणजे 'नको, करू नका'. 'म४ कॉय१' म्हणजे 'कृपया' आणि 'आभार' दोन्ही. म४ हा नुसता ओठ मिटून काढलेला म् आहे, 'मऽ' नव्हे.

पावतीला तान१ म्हणतात. ती हरवली तर कपडे मिळायला फार बोलावं लागतं, आणि तेवढं कॅंटनीज अजून तुमच्याकडे नाही. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

साडी : शब्द आहे सा१ लय६, पण गल्लीतल्या दुकानात तो ऐकलेला असेलच असं नाही. 'यन३ तोउ६ सा१ लय६' म्हणा, यन३ तोउ६ म्हणजे भारत. पैठणी पौंडाच्या पिशवीत कधीही टाकू नका. वेगळी द्या, पूर्ण उलगडून दाखवा आणि हे तीन मुद्दे बोटाने दाखवत सांगा :

चन१ सी१. (अस्सल रेशीम.)
यउ५ कम१ सीन३. (सोनेरी तार आहे.) इथे काठ आणि पदर दोन्ही दाखवा, नाहीतर त्यांना वाटेल फक्त काठाला आहे.
म४ होउ२ थॉङ३ कम१ सीन३. (जरीवर इस्त्री फिरवू नका.)

जरतार चपटी होऊन काळवंडते ती दोन कारणांनी, ओलसर वाफ आणि सरळ तापलेली इस्त्री. त्यामुळे वरून सुती कापड ठेवून, कमी तापाने, उलट्या बाजूने. हे शब्दांत सांगण्यापेक्षा एक जुना सुती रुमाल बरोबर न्या आणि साडीवर ठेवून दाखवा. मऊ रेशमाला खळ नकोच, पण कडक सुती साड्या आणि शर्टांच्या कॉलरला लागते. खळ म्हणजे च्योङ१. नको असेल तर 'म४ होउ२ लॉक्६ च्योङ१'.

साडी किती नग? लांब कापड म्हणून थीउ४ लावा. फॉल-पिको, ब्लाऊजपीस यांची भानगड तिथे सांगू नका. ब्लाऊज वेगळा, तो सरळ एक कीन६ साम१.

परत घेताना दुकानातच उघडून बघा. तक्रार असेल तर छोटी वाक्यं पुरतात :

लत्१ चॉ२ लप्१ नउ२. (एक बटण तुटलंय.)
कीन६ साम१ सुक्१ चॉ२ स्योय२. (कपडा आटलाय.)
चुङ६ सप्१. (अजून ओलं आहे.)

---

अनुस्वार :

वरच्या प्रतिसादात नउ२ आलाय, त्यावरून एक गोष्ट सांगायची राहिली.

हाँगकाँगमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा न बरेच जण ल म्हणतात, तरुण तर जवळजवळ सगळेच. त्यामुळे बटण नउ२ ऐवजी लउ२ ऐकू येईल. कोट लउ१ आहे. फरक फक्त सुराचा राहतो! 'हा' म्हणजे नी१, तो ली१ होतो. चड्डीचा दुसरा शब्द नॉय६ फ़ू३, तो लॉय६ फ़ू३. हाताने पिळणे नउ२ कॉन१, तेही लउ२. तुम्ही 'न'च म्हणालात तर कुणी हसणार नाही, शब्दकोशात तोच आहे. पण ऐकताना 'ल' आला की मनात त्याचा 'न' करून बघा.

सुरुवातीचा ङ पण गळतो. ङॉय६ थोउ३ जॅकेट, ऑय६ थोउ३ ऐकू येतं. जीन्सचा ङउ४ हा नुसता अउ४. शुद्ध-अशुद्धाचा वाद तिथेही आहे, आपल्याकडे 'न' आणि 'ण'चा आहे तसाच, आणि तितकाच न संपणारा.

---

माप_टाका :

शिंप्याचं राहिलं होतं, तेही देऊन टाकतो.

शिवलेला कपडा कमी-जास्त करणे म्हणजे कॉय२ साम१. पँटची उंची कमी करणे, कॉय२ फ़ू३ क्योक्३ (क्योक्३ म्हणजे पाय). आखूड करा, कॉय२ त्यून२. सैल सुङ१, घट्ट कन२, अरुंद चाक्३, आणि अंगाला नेमका बसलेला तो ङाम१ सन१. चेन बिघडली तर 'थीउ४ लाय१ लीन२ वाय६ चॉ२'.

इंचाला छ्यून३. 'कॉय२ त्यून२ यत्१ छ्यून३', एक इंच आखूड करा. सावध : जुन्या चिनी मापाचा 'इंच'ही छ्यून३च, आणि हाँगकाँगमधला तो सुमारे ३.७ सेंटीमीटरचा. शिंपी बहुधा इंग्रजी इंचच धरतो, तरी आकड्यावर भिस्त ठेवू नका. पँट घाला, काठ दुमडा, टाचणी लावून घ्या.

मा५ हा शब्द दोन कामं करतो. तयार कपड्यात तो साइज : सय३ मा५ लहान, चुङ१ मा५ मध्यम, ताय६ मा५ मोठा. कापडाच्या दुकानात तोच मा५ म्हणजे वार, ९१.४४ सेंटीमीटर. काउलूनमधल्या शाम शुई पो भागात 'की लुंग' स्ट्रीटवर कापड आणि बटणं, यू चाउ स्ट्रीटवर मणी, नाम चेओंग स्ट्रीटवर रिबिनी आणि लेस. परकर किंवा अस्तराचं कापड तिथे घ्याल तर भाव वाराचा सांगतील, मीटरचा नाही. तीन मीटर हवं असेल तर साडेतीन वार मागा.

मापून बघायचं असेल तर 'सी३ सन१', आणि ट्रायल रूम 'सी३ सन१ सत्१'. स्टॉलवर ती बहुधा नसतेच.

---

वळणीची_दोरी :

एकच शेवटचं. दुकानात 'सय२ साम१ केय१' म्हटलं तर चालेल का, की यी१च म्हणायला हवं?

---

कुबट :

कळेल, पण कानाला खटकेल, आपल्याकडे कुणी 'कपडेधुणं मशीन' म्हटल्यासारखं. सय२ यी१ केय१ म्हणा. आणि मोजणीचा शब्द विसरू नका, यंत्राला कीन६ नाही, पोउ६ लागतो : यत्१ पोउ६ सय२ यी१ केय१.